पहिला मांडा

आमच्या घरी पहिला मांडा कधी पंगतीत गेला नाही. मांडे भाजायचं मातीचं खापर एकतर पुरतं तापलेलं नसायचं, नाहीतर नको तितकं तापलेलं असायचं. टाकल्याबरोबर मांडा मध्येच फाटायचा, पुरण खापरावर सांडायचं आणि करपलेल्या गुळाचा वास ओसरीभर व्हायचा. माय तो खरवडून ताटलीत काढायची आणि सगळ्यात जवळ बसलेल्या पोराकडे सरकवायची. "बिघडना तं काय झायं, खाई ले." मी थोरला, त्यातून खादाड, त्यामुळे आखाजीचे, म्हणजे अक्षय्यतृतीयेचे, कितीतरी पहिले मांडे माझ्याच पोटात गेले. खरं सांगायचं तर मला अजूनही तोच आवडतो. करपलेलं पुरण जरा कडसर, जरा चिवट लागतं. नीट जमलेल्या मांड्याला ती चव नाही.

पुढे डिप्लोमा करून मी जळगावच्या एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या एका कारखान्यात लागलो. पहिल्याच आठवड्यात रात्रपाळी. मशीन तापायला दोन-तीन तास लागतात. ते झाले, स्क्रू फिरायला लागला आणि डायच्या, म्हणजे नळीला आकार देणाऱ्या साच्याच्या, तोंडातून पहिली नळी बाहेर आली. नळी कसली, सापाची कात म्हणा. सुरकुतलेली, कुठे पिवळी, कुठे भाजलेली, एका अंगाला फुगलेली. माझे हातपाय गार पडले. ऑपरेटर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणाला, "साहेब, पहिला माल असाच येतो. बाजूला काढा." कारखान्यात त्याला स्टार्टिंग स्क्रॅप म्हणतात. मला एकदम ओसरीवरचा वास आला. वास अर्थात वेगळा होता, पण मी ओळखलं की हा पहिला मांडा आहे. फक्त तो खायला कुणी नव्हतं.

त्याला आता एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माल कसा काढतात हे बऱ्याच ठिकाणी पाहिलं. घरात, सराफ बाजारात, डाळमिलमध्ये, आमच्या शेडमध्ये. डिप्लोमाच्या पुस्तकात याची चार नावं होती: जॉब, बॅच, मास आणि कंटिन्युअस. परीक्षेत त्यातला फरक लिहून मी मार्क मिळवले. पण मायच्या तोंडी यातले दोन शब्द आधीपासून होतेच, ते माझ्या लक्षात उशिरा आलं. एकेक हाताने घडवायचा तो नग. कढईत एका वेळी पडेल आणि एका वेळी निघेल तो घाणा. "एक घाणा काढी ली, मंग चहा मांड" हे वाक्य आमच्या स्वयंपाकघरात रोजचं. बॅच प्रोसेसची याहून चांगली व्याख्या मी अजून वाचलेली नाही. कंटिन्युअसला मात्र तिच्याकडे शब्द नव्हता. आमच्या शेडमधल्यासारखं, चोवीस तास अखंड निघत राहणारं तिने काही केलंच नव्हतं. मी मनातल्या मनात त्याला धार म्हणतो. गाईची धार, नळाची धार, तशी पाइपची धार.

ज्यांनी मांडे होताना पाहिलेत त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. वस्त्रगाळ पीठ, सैल आणि चिवट मळलेलं, तासभर तिंबलेलं. त्याचा उंडा, उंड्यात जवळजवळ तेवढंच पुरण. पोळपाट-लाटणं नाही. दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत फिरवत फिरवत तो उंडा वाढवायचा. इतका की पुरणाचा पिवळा रंग पिठातून दिसायला लागतो. मग तो उपड्या खापरावर पसरून टाकायचा. खापर म्हणजे कुंभाराने घडवलेलं माठाच्या पोटासारखं गोल मडकं, खाली पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, जाळ. मिनिटभरात मांडा कडेने सुटतो, उलटायचा, घडी घालून टोपलीत. पऱ्हाट्यांचा जाळ भसकन वाढतो आणि भसकन उतरतो, त्यामुळे प्रत्येक मांड्याच्या वेळी खापराची धग निराळी असते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चुलत बहिणीच्या लग्नात घरीच दोनशे मांडे करायचे ठरले. मी तेव्हा नोकरीत नवीन, अंगात पुस्तक भिनलेलं. 1776 साली ॲडम स्मिथने टाचणीच्या कारखान्याचं गणित मांडलं होतं. दहा माणसं कामं वाटून घेतात आणि दिवसाला 48,000 टाचण्या काढतात. एकेकट्याने केलं असतं तर प्रत्येकाच्या वीसही झाल्या नसत्या. 1913 साली फोर्डने गाडीची चासी माणसांपुढून सरकवत नेली आणि पुढच्या काही महिन्यांत साडेबारा तासांचं काम 1 तास 33 मिनिटांवर आणलं. हे सगळं मला पाठ होतं. आणि इथे अंगणात माय, फुई (म्हणजे आत्या) आणि काकू तीन खापरांपुढे बसून प्रत्येकजण उंडा करण्यापासून घडी घालण्यापर्यंत सगळं स्वतःच करत होत्या. मला राहवेना.

मी मोबाइलवर वेळ लावून मोजलं. एका बाईला एका मांड्याला सव्वादोन मिनिटं, आणि त्यातलं मिनिटभर खापर रिकामं तापत बसलेलं. म्हटलं, उंडे करायला शेजारच्या मावशी बसतील, मायने आणि फुईने फक्त मांडा वाढवायचा, काकूने दोन खापरं सांभाळायची. सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. इंजिनिअर झालेला मुलगा. पहिल्या अर्ध्या तासात मांडे खरोखर जास्त निघाले. टोपली भरली. मी टोपलीकडे बघत उभा राहिलो, जणू ती मीच भरली होती.

मग तक्रारी सुरू झाल्या. मांड्यांच्या कडा जाड यायला लागल्या. काही मध्ये कच्चे, काही कोरडे ठक्क. काकू म्हणाली, जाड येतात तर मी काय करू, भाजायला वेळ लागणारच. माय म्हणाली, नेहमीसारखाच तर वाढवतेय. फुई दोन्ही हात पिठाचे तसेच वर धरून माझ्याकडे वळली, "खापर काय म्हनस ते माले काय माहित?"

मला तेव्हा ते कळलं नाही. ते अडाणीपणाचं बोलणं वाटलं, हेही कबूल करतो. पण गोष्ट सरळ होती. मांडा हातावर फिरवताना बाईचा एक डोळा खापरावर असतो. जाळ चढलाय असं दिसलं की ती मांडा अंमळ जाड ठेवते, उतरलाय असं दिसलं की पातळ करते. मी तोंड फिरवून बसवलेल्या फुईला खापर दिसतच नव्हतं. चूक करणारे हात एकीकडे आणि चूक दिसणारे डोळे दुसरीकडे, अशी वाटणी मी केली होती. टाचणीला याने फरक पडत नाही, कारण तार रोज सारखीच असते. पऱ्हाट्यांचा जाळ सारखा नसतो. तासाभराने सगळ्या आपापल्या खापरापुढे जाऊन बसल्या. मला नारळ खवायला दिले.

माझ्या एका वर्गमित्राचे वडील, अण्णा, सोनार होते. त्यांच्या पेढीवर नाही, पेढीच्या मागच्या खोलीत, मी शाळेच्या सुट्टीत तासन् तास बसायचो. जळगावच्या सोन्याचं नाव महाराष्ट्रभर आहे. लग्नाचा बस्ता बांधायला लोक लांबलांबून येतात. त्या झगमगाटाच्या मागे अशा खोल्या असतात, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. अण्णा मंगळसूत्राच्या वाट्या घडवायचे. पत्रा ठोकून, कापून, ठशावर बसवून, फुंकणीने टाका लावून. फुंकणीची ज्योत चिमूटभर सोन्यावर बरोबर एवढीच फिरायची की टाका वितळेल आणि वाटी वितळणार नाही. कधीतरी वाटीच वितळायची. अण्णा शिवी वगैरे द्यायचे नाहीत. तो गोळा मुशीत टाकायचे आणि पुन्हा पत्र्यापासून सुरुवात.

सोन्यातली चूक सोनं खात नाही, ती फक्त माणसाचा दिवस खाते. आणि तिथे तर धूळसुद्धा वाया जात नाही. ठरावीक दिवसांनी झारेकरी यायचा आणि खोलीचा केर विकत घेऊन जायचा. केर, राख, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ. त्यातून तो सोन्याचे कण काढायचा. लहानपणी मला वाटायचं, जगात सगळ्यांच्याच घरचा केर विकत घेतात.

आता अण्णांचा मुलगा संगणकावर नक्षी काढतो. मशीन त्या नक्षीचा मेणाचा नमुना काढून देतं, त्यावरून धातूचा नमुना ओततात, त्याचा रबराचा साचा होतो आणि साच्यातून मेणाचे हवे तेवढे नग. हे नग एका दांडीला झाडाच्या पानांसारखे चिकटवतात. ते मेणाचं झाड प्लास्टरमध्ये बुडवून रात्रभर भट्टीत ठेवलं की मेण जळून जातं आणि त्या पोकळीत वितळलेलं सोनं ओतायचं. एका झाडावर शंभरएक वाट्या लागतात. नगाचा घाणा झाला! पण सोन्यात हवेचे बुडबुडे अडकले तर शंभरच्या शंभर वाट्या मुशीत परत. मित्र म्हणतो, बाबांचा दिवस जायचा, माझी रात्र जाते. गंमत म्हणजे त्याच मशीनवर तो एखाद्या गिऱ्हाइकासाठी एकच, जगात दुसरी नाही अशी अंगठीही काढून देतो. आमच्या पुस्तकात जॉब म्हणजे कारागीर आणि मास म्हणजे मशीन असं सरळ मांडलं होतं. पुस्तक जुनं झालं.

घाण्याची चूक कशी असते ते आमच्या गल्लीने एकदा वर्षभर चाखलं आहे. उन्हाळ्यात उडदाचे पापड सगळ्या मिळून करायच्या. आज एकीकडे, उद्या दुसरीकडे. त्या वर्षी डाळ एकत्र दळून आणली, पीठ एकाच परातीत भिजवलं आणि पापडखार घालणाऱ्या बाईला मध्येच कुणीतरी हाक मारली. ती उठून गेली, परत आली आणि तिने तो पुन्हा घातला. लाटताना कुणाला कळलं नाही. वाळल्यावरही नाही. पहिला पापड भाजला तेव्हा तो लालसर झाला आणि जिभेला चरचरला. तोवर सात घरांचे डबे भरले होते. मांडा बिघडला तर एका पोराचं ताट, पापडखार चुकला तर सात घरांचं वर्ष. त्या बाईचं नाव मी लिहीत नाही. गल्लीत अजून सगळ्यांना माहीत आहे.

म्हणूनच लिज्जतच्या बायांचं मला फार कौतुक वाटतं. 1959 साली गिरगावातल्या सात बायांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. मला त्यातली मांडणी आवडते. पीठ भिजवण्याचं काम एका जागी, कारण पापडखार चुकला तर सगळं चुकतं. लाटण्याचं काम घरोघरी, कारण एक पापड जाड झाला तर एकच पापड जाड होतो. दुसऱ्या दिवशी लाटलेले पापड परत केंद्रावर, तिथे तपासणी, वजन, मजुरी. मोठी चूक डोळ्यांपुढे ठेवली आणि छोटी चूक घरोघर वाटून टाकली. व्यवस्थापनाच्या वर्गात हे शिकवतात की नाही कुणास ठाऊक.

खान्देशात हा घरचं की कारखान्याचं असा वाद फार जुना आहे, आणि तो अगदी शेजारी शेजारी झाला. अमळनेरला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रताप शेठजींनी कापडाची गिरणी उभी केली. त्याच माणसाने 1916 साली गावात तत्त्वज्ञान मंदिरही काढलं. गिरणीचा भोंगा आणि वेदान्त एकाच गावात! आणि तिथून दोन-अडीच तासांवर फैजपूर. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन तिथे भरलं. नंदलाल बोसांनी बांबू आणि चटयांसारख्या गावातल्याच सामानातून सगळी नगरी सजवली होती. खादी आणि ग्रामोद्योगांचं प्रदर्शन गांधीजींनी उघडलं, आणि अधिवेशनाचे अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू, ज्यांचा ओढा मोठ्या कारखान्यांकडे. एकाच मांडवात दोन्ही.

गांधीजी यंत्राच्या विरोधात होते असं आपण सहज बोलून जातो. 1929 साली चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं, तेव्हाचे एक लाख. अटी वाचल्या की माझ्यातला इंजिनिअर खूश होतो. चरखा झोपडीत चालला पाहिजे, बाईला हाताने किंवा पायाने चालवता आला पाहिजे, किंमत 150 रुपयांच्या आत, आणि आठ तासांत 16,000 वार सूत निघालं पाहिजे. म्हणजे यंत्र हवं होतं, फक्त ते घरात मावणारं हवं होतं. बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

अमळनेरची दुसरी गोष्ट 1945 ची. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाचा वनस्पती तुपाचा कारखाना तिथे निघाला, तीच पुढची विप्रो. विप्रोच्या जुन्या शेअरमुळे गावातले लोक श्रीमंत झाल्याच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतीलच, त्या मी पुन्हा सांगत बसत नाही. आमच्या घरात शेअर नव्हते, डबे होते. वनस्पती म्हणजे पुन्हा घाणाच. बंद पात्रात तेल तापवायचं, निकेलच्या सान्निध्यात त्यात हायड्रोजन सोडायचा, तेल हवं तितकं घट्ट झालं की पात्र रिकामं करायचं आणि पुढचा घाणा भरायचा.

आता माझ्या चुकीकडे येतो. इतका वेळ इकडेतिकडे फिरतोय त्याचं कारण तेच आहे.

पाइपची लाइन सुरू झाली की ती थांबवायची नसते. वरून हॉपरमध्ये पावडर पडते, तापलेल्या बॅरलमध्ये स्क्रू तिला मळत पुढे ढकलतो, डायमधून नळी निघते, पाण्याच्या टाकीत गार होते, पुढे पट्टे तिला धरून ओढत नेतात आणि दर सहा मीटरला करवत कापते. वीज गेली आणि जनरेटर लवकर लागला नाही तर आतलं पीव्हीसी जागच्या जागी करपतं. डोळ्यांत, घशात झोंबणारा आम्लाचा धूर सुटतो. मग डाय उघडून पितळी पट्टीने ते खरवडायचं. पोलादी पट्टी चालत नाही, डायला ओरखडा पडतो आणि तो ओरखडा पुढच्या प्रत्येक पाइपवर रेघ होऊन उमटतो. अगदी खापर खरवडल्यासारखं. वाकडातिकडा माल दळून पुन्हा पावडरीत मिसळता येतो. करपलेला तेवढा परत घेता येत नाही.

आणि साइज बदलणं हे तर लग्नकार्यच. डाय उतरवा, दुसरी चढवा, तापवा, मध्य साधा. आमच्याकडे तेव्हा याला पाच तास लागायचे. जपानमध्ये 1970 च्या सुमारास शिंगो नावाच्या इंजिनिअरने टोयोटाच्या 1,000 टनी प्रेसची डाय बदलण्याचा वेळ चार तासांवरून तीन मिनिटांवर आणला, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं. आम्ही हसलो. पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. बदलायला पाच तास लागतात म्हणूनच कारखाना एक साइज आठवडाभर काढत बसतो. गोदामात चार इंचीच्या थप्प्या लागतात आणि मृगबागेची केळी लावायला निघालेला शेतकरी दुकानात अडीच इंची मागत उभा असतो.

त्या रात्री मी 90 वरून 110 मिलिमीटरवर, म्हणजे चार इंचीवर, लाइन बदलली. रात्रीचा एक वाजला होता. डायला चारी बाजूंनी बोल्ट असतात, ते कमीजास्त आवळून नळीची जाडी सगळीकडून सारखी करायची. कापलेल्या तोंडावर किमान चार ठिकाणी मायक्रोमीटर लावायचा. मी वर लावला, बाजूला लावला, जाडी बरोबर होती. खाली लावायला वाकावं लागतं. मी वाकलो नाही. कंटाळा हे एकच कारण. दुसरं असतं तर लिहिलं असतं. साडेचारला ऑपरेटरच्या लक्षात आलं. लाइन मिनिटाला तीन मीटर चालत होती. साडेतीन तास, 630 मीटर, 105 पाइप. त्यातले बहुतेक मी बाजूला काढले, दळायला पाठवले, ओरडाही खाल्ला. काही सुटले. सकाळी सहालाच गाडी भरून गेली होती.

तीन महिन्यांनी चोपडा तालुक्यातून तक्रार आली. पाइपवर छापलेल्या मजकुरात मानकाचा आकडा, साइज, दाबाचा वर्ग याच्याबरोबर तारीख, पाळी आणि मशीनचा नंबर असतो. तो मजकूर फोनवर वाचून दाखवला आणि फोन फिरत फिरत माझ्याकडे आला. मॅनेजर म्हणाले, तूच जा.

शेत तापीच्या अंगाला होतं. विहिरीवरून केळीच्या बागेकडे जाणारी लाइन, मध्येच फुटलेली, रात्रभर मोटर चालू राहून नुसता चिखल झालेला. शेतकरी साठीचे, पांढरी टोपी, बोलायला शांत. त्यांनी फुटलेला तुकडा जपून ठेवला होता, उभा धरून दाखवला. पाइपची एक बाजू दोन रुपयांची नाणी दोन-तीन एकावर एक ठेवावीत एवढी जाड, समोरची जेमतेम एका नाण्याएवढी. फुटला होता अर्थातच तिथे. बोट फिरवत ते म्हणाले, "भाऊ, ही बाजू सख्खी दिसते, आणि ही सावत्र."

मी सांगितलं नाही की पाळी माझीच होती. माफी मागितली ती कारखान्याच्या वतीने. नवे पाइप टेम्पोतून आणले होते, उतरवून घेतले, जोडायलाही हात लावला. त्यांनी चहा पाजला. जाताना वानोळा म्हणून केळ्यांची एक फणी दिली, ती मला नको झाली होती, पण घेतली. परतीच्या वाटेवर एकच विचार होता. मायचा बिघडलेला मांडा तिच्याच पोराच्या ताटात पडायचा, तिच्याच डोळ्यांदेखत. अण्णांची वितळलेली वाटी त्यांच्याच मुशीत जायची. पापडखारवाल्या बाईला सात घरांनी वर्षभर ऐकवलं. माझी चूक मात्र साठ किलोमीटर लांब जाऊन, तीन महिने जमिनीखाली पडून, मला कधीही न भेटलेल्या माणसाच्या शेतात फुटली. आणि तो छापील मजकूर नसता तर ती माझी आहे हे मलाही कळलं नसतं. तोवर त्या छपाईकडे मी कटकट म्हणून बघायचो, शाई संपली की चिडायचो. आता दागिन्यावरही हॉलमार्कचा सहा अक्षरी क्रमांक असतो. अण्णांना त्याची गरज नव्हती, कारण वाटी कुणाची ते गाव ओळखत होतं.

त्याच बागेतली केळीही, म्हटलं तर, कारखान्यातूनच आलेली होती. पूर्वी शेतकरी चांगल्या झाडाचे कंद निवडून लावायचे, त्यामुळे बागेत दहा झाडं दहा तऱ्हांची. आता ग्रँड नैन जातीची टिश्यू कल्चर रोपं येतात. प्रयोगशाळेतल्या बाटलीत एका निवडक झाडाच्या कोंबापासून हजारो, सगळी एकाच साच्यातली. पाच बाय पाच फुटांवर एकरी 1,742 रोपं बसतात आणि सगळ्यांचे घड साधारण एकाच वेळी कापणीला येतात. भावाच्या दृष्टीने सोन्यासारखी गोष्ट. पण मातृवृक्ष तपासताना कुणी वाकलं नाही तर? रावेर-यावलकडे केळीवरच्या हरण्या नावाच्या विषाणूच्या रोगाने बागाच्या बागा उपटून टाकलेल्या मी पाहिल्या आहेत. तो रोग मावा किडीनेही पसरतो, दरवेळी दोष रोपांचाच असं मी म्हणणार नाही. पण रोपांची चळत पाहिली की मला पाइपची थप्पी आठवते.

माय आता सत्तरीची आहे. मांडे करते, पण वर्षातून एकदाच, आखाजीला. जळगावात आता मांडे विकत मिळतात, लग्नाला खापरं घेऊन येणाऱ्या बायांच्या टोळ्याही मिळतात, नगावर मजुरी. त्यांचे मांडे सुंदर असतात, सगळे एका मापाचे. मायला तेवढं एकच खटकतं. "सगळा सारखा कसा येतस?" असं विचारते, जणू त्यात काही लबाडी असावी.

यंदा आखाजीला गावी जाताना वाटेत एका बांधावर जुन्या पाइपचे तुकडे पडलेले दिसले. चार इंची, आमच्याच कारखान्याचे. करड्या रंगावर उन्हाने पांढरट थर चढला होता. बायको म्हणाली, उशीर होतोय, तिकडे खापर चढलं असेल. मी गाडी उभी केली, उतरलो, अंगठ्याने धूळ पुसली. तारीख अर्धी गेली होती, पाळी सी, म्हणजे रात्रीची, दिसत होती, मशीनचा नंबर वाचता येत नव्हता. मग मी खाली बसलो आणि तुटलेल्या तोंडात बोट घालून कड सगळीकडून फिरवून पाहिली. खालची बाजू मातीत रुतलेली होती, तिथपर्यंत बोट पोहोचेना, म्हणून तुकडा उचलून उलटा केला.